जुन्या गिअरवालीचे सुटे भाग : कुठे काय खपतं?

नवी सायकल घरात आली की जुनीचं काय करायचं, हा प्रश्न साध्या काळ्या सायकलीच्या जमान्यात फारसा कुणाला पडत नसे. ती थोरल्याकडून धाकट्याकडे जाई, धाकट्याकडून शेतावर, आणि शेवटी दुकानदार एकीची चाकं, दुसरीचं हँडल लावून तिसरीच सायकल उभी करी. गिअरच्या सायकलीनं, म्हणजे शहरात जिला माउंटन बाइक किंवा एमटीबी म्हणतात तिनं, हा सरळ व्यवहार अवघड केला. हिची फ्रेम एका कंपनीची, गिअर शिमानोचे, पुढचा शॉकअप एसआर सनटूरचा, टायर आणखी कुणाचे. त्यामुळे जुनी सायकल म्हणजे एक वस्तू की पंधरा-वीस वस्तूंची मोट, यावरच मतभेद आहेत. पूर्ण विकावी की सुटी करून, कितीला विकावी, काय विकू नये, कुणाला विकावी, हे सगळे वाद तिथून फुटतात.

या वादांचा आढावा अहेरीत बसून घेण्याला कारण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला प्राणहितेच्या काठचं हे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. शेजारी आलापल्ली, सागवानाच्या जंगलासाठी प्रसिद्ध. तिथून एक रस्ता सिरोंच्याला, दुसरा भामरागडला जातो. पहिला राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी, दुसरा १३०-डी. नाव राष्ट्रीय महामार्ग असलं तरी सिरोंच्याच्या रस्त्याची अवस्था वर्षानुवर्षं बातमीचा विषय आहे, आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून या भागातल्या रस्त्यांबद्दलच्या तक्रारी वाढल्याच आहेत. जाड टायर आणि पुढे शॉकअप असलेली सायकल पुण्यात हौस असेल, इथे ती रस्त्याची गरज आहे. शिवाय हा भाग सायकलीला नवखा नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून काढलेली भारत जोडो यात्रा तरुणांनी सायकलींवरूनच केली होती. तरीही जुन्या भागांच्या खरेदी-विक्रीची जी चर्चा आजवर झाली ती पुणे, मुंबई, बंगळूर आणि त्याहून दूरची गावं गृहीत धरून झाली. ती अहेरीला कितपत लागू पडते, हे पाहण्यासारखं आहे.

भंगारातून जन्म

गंमत अशी की माउंटन बाइक जन्मली तीच जुन्या सुट्या भागांतून. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलून आणत आणि डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. उतार इतका तीव्र होता की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागे, म्हणून ते नाव. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही त्या टोळक्यातली पुढे गाजलेली नावं. त्यांनी शर्यतीच्या सायकलींचे गिअर, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर, जे हाताला लागेल ते या जुन्या सांगाड्यांना जोडलं. १९७७ मध्ये ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेली सायकल बाजारात आली, आणि १९८२ मध्ये शिमानोनं डिओर एक्सटी हा डोंगरासाठीचा गिअरसंच काढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला.

त्या वीस वर्षांत एक गोष्ट टिकून होती. चाक २६ इंची, मागचा हब बहुधा १३५ मिलिमीटरचा, हेडसेट (हँडलची मान ज्यात फिरते तो भाग) सव्वा इंचाच्या आतला सरळ नळीचा, क्रँकचा एक्सल चौकोनी टोकाचा. काही अपवाद सोडले तर एका सायकलीचा भाग दुसरीला बसे. सुट्या भागांचा जुना बाजार जगभर वाढला तो या काळात.

मापांचा गुंता

मग मापं बदलायला लागली आणि थांबलीच नाहीत. आधी २९ इंची चाक आलं, मग साडेसत्तावीस. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण यारोस्लाव कुल्हावीनं २९ इंची चाकांवर घेतलं, रौप्य निनो शुर्टरनं साडेसत्तावीसवर. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या चांगल्या सायकलींतून २६ इंची चाक जवळपास नाहीसं झालं. पुढच्या शॉकअपची मान वर सव्वा इंचाच्या आत आणि खाली दीड इंच अशी निमुळती झाली. चाकाचा एक्सल जाड झाला, हब १४२ वरून १४८ मिलिमीटरला गेला. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, ज्यावर बसते तो हबचा भाग स्रॅम कंपनीनं २०१२ मध्ये बदलला, शिमानोनं २०१८ मध्ये वेगळ्याच पद्धतीनं बदलला. मागचा गिअर फ्रेमला जिथे लटकतो तो हँगर स्रॅमनं २०१९ मध्ये सगळ्यांसाठी एकच करू म्हणून आणला, आणि २०२३ मध्ये हँगरशिवाय थेट फ्रेमलाच जोडायचा गिअर काढला.

यावर दोन पक्ष आहेत. कारखानदार आणि त्यांच्या बाजूचे जाणकार म्हणतात की यातला प्रत्येक बदल कामाचा आहे. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, जाड एक्सलमुळे चाक डगमगत नाही, निमुळती मान वाकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की सुधारणा खऱ्या असल्या तरी इतक्या वेगानं आणि इतक्या वेगवेगळ्या दिशांना व्हायची गरज नव्हती. सहा मिलिमीटरनं हब रुंद करून कोट्यवधी धडधाकट चाकं एका रात्रीत ‘जुनी’ ठरवायची, यात ग्राहकापेक्षा विक्रीचा विचार जास्त आहे, असा त्यांचा आक्षेप. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. माझं मत विचाराल तर चाकाच्या आकाराचा बदल पटतो, हबच्या बदलाचं समर्थन तितकं पटत नाही.

सुटे भाग मिळत राहावेत, हा प्रश्न दुरुस्तीच्या हक्कात येतो. तो विषय भारत सरकारनं २०२२ मध्ये हाती घेतला, समिती नेमली, संकेतस्थळही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहन उद्योग ही चार क्षेत्रं धरली. सायकल त्यांत ठळकपणे कुठे नाही.

पण अहेरीतला घोळ या नव्या मापांच्याही आधीचा आहे. आपल्याकडे आकड्यांनीच माणूस फसतो. साध्या काळ्या सायकलीचं ‘अठ्ठावीस’चं चाक टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर व्यासाचं असतं. नव्या एमटीबीचं ‘एकोणतीस’ ६२२ मिलिमीटरचं. म्हणजे एकोणतीस हे अठ्ठावीसपेक्षा लहान! तसंच ‘सव्वीस’चं. गिअरवालीचं सव्वीस ५५९ मिलिमीटरचं आणि जुन्या धाटणीच्या बारीक टायरच्या सायकलीचं सव्वीस ५९० चं. दोन्ही टायरांवर २६ लिहिलेलं असतं आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. टायरवर बारीक अक्षरात छापलेला तीन आकडी आकडा वाचून घेतला तर निम्म्या फसवणुकी आणि उरलेले निम्मे गैरसमज टळतील.

आता या सगळ्याचा अहेरीतला अर्थ पाहा. शहरात १२ स्पीडचा मागचा गिअर, मिस्त्री ज्याला आरडी म्हणतात तो, लगेच खपतो. २६ इंची चाकाचा जोड मात्र पुण्यात महिनोन्‌महिने पडून राहतो. अहेरी, एटापल्ली, मुलचेरा या पट्ट्यात नेमकं उलटं. इथल्या शाळकरी मुलांच्या जाड टायरच्या सायकली २६ इंची, गिअर असले तर सहा-सात स्पीडचे, फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवायचं, ब्रेक व्ही प्रकारचे किंवा तारेच्या डिस्कचे. म्हणून शहरानं मोडीत काढलेलं चाक, सात स्पीडचं फ्रीव्हील, चौकोनी एक्सलचा क्रँक, व्ही ब्रेक यांना इथे आजही आयुष्य आहे. आणि जो महागडा १२ स्पीडचा आरडी विकून चांगले पैसे येतील असं शहरातला सल्ला सांगतो, त्याला इथे गिऱ्हाईकच नाही. माल कितीही चांगला असो, दुकानात येणारा माणूस विचारणार, ‘‘भाऊ, हे बसते का आपल्या सायकलले?’’

काही भाग मात्र कुठेही चालतात. पायडलचे आटे तीन तुकड्यांच्या क्रँकला सहसा नऊ-सोळांश इंचाचे असतात (डावं पायडल उलट्या आट्यांचं, हे विसरून आटे घालवणारे कमी नाहीत). ग्रिप आणि ब्रेक लिव्हर २२.२ मिलिमीटरच्या हँडलवर बसतात, आणि साध्या सायकलीचं हँडल ग्रिपच्या जागी बहुधा तेवढंच असतं. सीटला खाली समांतर सळया असतात, योग्य क्लॅम्प मिळाला की ती साध्या सायकलीवरही चढते. सीटची नळी मात्र चढत नाही. २७.२, ३०.९, ३१.६ अशी तिची नाना मापं आहेत. चेनचंही तसंच. सात स्पीडची चेन साध्या सायकलीच्या जाड दात्यांवर नीट बसत नाही, आणि बारा स्पीडची चेन सात स्पीडला चालत नाही.

पूर्ण की सुटी?

सुटी करून विकावी, असं म्हणणाऱ्यांचा हिशेब सोपा आहे. पूर्ण सायकलीला जो भाव येतो त्यापेक्षा शॉकअप, चाकं, गिअर, ब्रेक, सीट यांची वेगवेगळी बेरीज जास्त होते. ज्यानं जुन्या सायकलीवर मागाहून खर्च करून चांगले भाग चढवले त्याला तर हे जास्तच पटतं, कारण पूर्ण सायकल घेणारा त्या वाढीव खर्चाचे पैसे देत नाही.

पूर्ण विकावी म्हणणारे दुसरी बाजू दाखवतात. चांगले भाग पहिल्या आठवड्यात जातात आणि मग फ्रेम, हेडसेट, बी.बी. (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग), जुन्या तारा असा सांगाडा कायमचा घरात राहतो. शिवाय क्रँक काढायला ओढणारा पाना लागतो, कॅसेट काढायला वेगळा, बी.बी.ला आणखी वेगळा. हे स्वतःकडे नसलं तर मिस्त्रीची मजुरी लागते. दहा गिऱ्हाइकांशी दहा वेळा घासाघीस, दहा पार्सलं, आणि त्यातली एक-दोन परत. आणि सगळ्यात मोठा मुद्दा असा की चालू सायकल मोडली म्हणजे जी गोष्ट कुणाच्या तरी रोजच्या कामी आली असती तिचे तुकडे झाले.

तिसरा, मधला मार्ग बऱ्याच जणांनी स्वीकारलेला दिसतो. सायकल घेतली तेव्हाचे मूळ भाग जपून ठेवायचे. विकताना ते परत चढवायचे, सायकल चालू स्थितीत पूर्ण विकायची, आणि मागाहून घेतलेले चांगले भाग वेगळे विकायचे किंवा नव्या सायकलीवर न्यायचे. हिशेबाला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो, पण तो ज्यानं मूळ भाग फेकले नाहीत त्यालाच उपलब्ध आहे.

अहेरीच्या बाबतीत माझा कल पूर्ण विकण्याकडे आहे, आणि त्याचं कारण पैशाचं नाही. इथे २६ इंची चालू गिअरवालीला शाळकरी मुलगा, आश्रमशाळेचा कर्मचारी, नव्यानं रुजू झालेला वनरक्षक असं थेट गिऱ्हाईक असू शकतं. सुट्या भागांसाठी लागणारी गर्दी, म्हणजे तोच भाग शोधणारी शंभर माणसं एका शहरात असणं, इथे नाही. सुटं करायचंच असेल तर ज्या भागांना इथे मागणी नाही तेवढेच सुटे करून बाहेर पाठवावेत.

भाव कसा ठरतो

भावाबद्दल तीन विचार चालतात. पहिला, मूळ किमतीच्या अमुक टक्के. दुसरा, आज तीच वस्तू नवी कितीला मिळते त्याच्या तुलनेत. तिसरा, अजून किती काम देईल त्यावर. विकणाऱ्याच्या डोक्यात पहिला असतो, घेणाऱ्याच्या दुसरा, आणि मिस्त्रीच्या तिसरा. भाव तुटत नाही तो बहुतेक वेळा यामुळे.

दुसऱ्या विचाराचं वजन गेल्या काही वर्षांत वाढलं. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर जगभर सायकलींची मागणी अचानक चढली, नवा माल मिळेना, जुन्या भागांना नव्याचा भाव आला. कारखान्यांनी भरमसाट माल काढला आणि मागणी ओसरल्यावर तो गोदामांत अडकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनमधली विगल आणि चेन रिॲक्शन सायकल्स ही मोठी ऑनलाइन दुकानं दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळात नव्या मालावर इतकी सूट मिळू लागली की जुन्या मालाचे भाव कोसळले. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवं स्वस्त झालं की जुन्याचा भाव त्या प्रमाणात उतरतोच. घरची जुनी सायकल किंवा तिचा भाग विकणाऱ्यावर जीएसटीचा बोजा नाही, तो धंदा म्हणून करणाऱ्यालाच लागतो. हे अनेकांना ठाऊक नसल्यानं उगाच भीती असते.

तिसऱ्या विचाराला मापता येण्यासारखा आधार आहे. चेन किती ताणली गेली हे साध्या पट्टीनं कळतं. पाऊण टक्का ताणली म्हणजे ती गेलीच, आणि तिच्याबरोबर घासलेली कॅसेट नव्या चेनसोबत उड्या मारणार. रिम ब्रेक असेल तर रिमची कड बोटानं चाचपून खोलगट झाली का ते पाहायचं. हबचा एक्सल बोटांत फिरवून छरे खरखरतात का ते ऐकायचं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता येतो, पण रिमला चीर असेल तर नाही. गावातला अनुभवी मिस्त्री हे पाच मिनिटांत सांगतो, आणि त्याला त्या पाच मिनिटांचे पैसे द्यायला कुणी राजी नसतं.

काय विकू नये

यावर मतभेद सगळ्यात टोकाचे आहेत. हेल्मेटबद्दल मात्र एकमत आहे. एकदा आपटलेलं हेल्मेट बदला असं बनवणारेच सांगतात, आणि ते आपटलं की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून जुनं हेल्मेट विकू नये, फुकटही देऊ नये. कार्बनच्या हँडल आणि फ्रेमबद्दल एक बाजू म्हणते, बाहेरून रंग शाबूत असताना आतले थर सुटलेले असू शकतात, म्हणून पडलेल्या सायकलीचा कार्बन भाग करवतीनं कापूनच टाकावा. दुसरी बाजू म्हणते, तपासून, काय झालं ते स्पष्ट सांगून विकायला हरकत नाही, घेणारा सज्ञान आहे. ॲल्युमिनियमच्या हँडलबद्दल एवढी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी. पोलादासारखी त्याला थकव्याची खालची मर्यादा नसते. लहान लहान हादरेही साठत जातात आणि एक दिवस ते तुटतं. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर पाच वर्षं चाललेलं हँडल चकचकीत दिसलं तरी माझ्या मते ते भंगारात जावं.

शॉकअपचे दोन प्रकार आहेत. स्प्रिंगचे स्वस्त शॉकअप जड असतात, पावसाळ्यात आतून गंजतात, पण त्यांना देखभालीसाठी फारसं काही लागत नाही. हवेचे शॉकअप हलके आणि महाग. त्यांना खास पंप लागतो, पेट्रोल पंपावरची हवा चालत नाही. रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या शॉकअपच्या खालच्या नळ्या दर ५० तास चालवल्यावर उघडून तेल बदलायला सांगते. इथे ते कोण करणार? असा शॉकअप अहेरीत विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला नागपूरच्या खेपा विकणं.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट द्रव. शहरात लोक शिमानोचे ब्रेक जास्त पसंत करतात. पण डॉट ४ मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्येही लागतो, म्हणजे तो मोटारसायकलच्या दुकानात मिळतो, आणि मिनरल ऑइल मागवावं लागतं. म्हणजे द्रवापुरतं का होईना, इथे स्रॅमचा ब्रेक सांभाळायला सोपा. धोका असा की तेल म्हणजे तेल समजून कुणी शिमानोच्या ब्रेकमध्ये डॉट भरलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक बसतो. विकताना लिव्हरवर कुठलं तेल लागतं याची मराठीत चिठ्ठी लावून द्यावी, एवढी काळजी तरी विकणाऱ्यानं घ्यावी.

कुठे, कुणाला

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी, मुंबईत चोर बाजारात, सायकलीचे भाग वर्षानुवर्षं विकले जातात. २००६ मध्ये ओएलएक्स भारतात आल्यावर आणि पुढे फेसबुकनं आपला मार्केटप्लेस सुरू केल्यावर हा बाजार मोबाइलवर गेला. अहेरीच्या विक्रेत्याला त्यामुळे नागपूर-पुण्याचं गिऱ्हाईक मिळू शकतं, आणि जाहिरातीत गावाचं नाव वाचून ते हातचं जाऊही शकतं, कारण घेणाऱ्याला माल पाहून पैसे द्यायचे असतात. आरडी, शिफ्टर, ब्रेक, पायडल असे लहान भाग स्पीड पोस्टनं सहज जातात. पूर्ण सायकलीचा खोका वजनात बसला तरी आकारावर अडतो. मग एसटीच्या अहेरी आगारातून किंवा ओळखीच्या गाडीनं बल्लारपूरपर्यंत नेणं, तिथून रेल्वे पार्सल, असा द्राविडी प्राणायाम. वांगेपल्लीजवळचा प्राणहितेवरचा पूल झाल्यापासून तेलंगणातलं कागजनगरही जवळ आलं आहे, आणि या भागात तेलुगू अनेकांना थोडीबहुत येते. जुन्या मालाची ही वाट अजून फार कुणी चोखाळलेली नाही.

अंतरापेक्षा मोठी अडचण चोरीच्या मालाची. मोटारसायकलला नोंदणी आहे, सायकलला नाही. एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. मालकीचा तेवढा तरी पुरावा होता. आता फ्रेमच्या तळाशी ठोकलेला नंबर आणि खरेदीचं बिल, एवढंच उरलं, आणि सुट्या भागाला बहुधा तेही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढं काय करावं यावर पुन्हा दोन मतं. काही म्हणतात, बिलाशिवाय काही घेऊच नये. दुसरे विचारतात, दहा वर्षांपूर्वीच्या पायडलचं बिल कुणी ठेवलंय? व्यवहारात फ्रेम आणि शॉकअपला बिल मागावं, बाकीला विकणाऱ्याचा फोन नंबर आणि दोन ओळींची पावती पुरे, असं मला वाटतं.

विकण्याऐवजी देणं

काही जण विक्रीच्या भानगडीतच पडू नये म्हणतात. जुनी सायकल एखाद्या गरजू मुलाला द्यावी. गडचिरोलीत हा मुद्दा कोरड्या उपदेशाचा नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात, जो २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत चालतो, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही रक्कम २०२२ मध्ये ३५०० रुपयांवरून ५००० केली गेली. मुलीनं नवी सायकल घ्यायची आणि पावती दाखवायची. जुन्या सायकलीला किंवा दुरुस्तीला त्यात जागा नाही. योजनेनं हजारो मुली शाळेपर्यंत पोचल्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टायर गुळगुळीत आणि ब्रेक ढिले झालेल्या सायकलीही घरोघरी आल्या.

जुने भाग देणाऱ्यांनी इथे थोडा विचार करावा. योजनेतल्या त्या सायकली साध्या, बिनगिअरच्या, त्यांना व्ही ब्रेक बसत नाही कारण फ्रेमवर तशी खुंटी नाही. २६ इंची जाड टायर बसेलच असं नाही. बसतात ती पायडलं, ग्रिप, ब्रेक लिव्हर, सीट, घंटी, दिवे. न बसणारे भाग शाळेत नेऊन देणं म्हणजे आपल्या घरचा पसारा मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवणं. त्यापेक्षा गावच्या मिस्त्रीला स्वस्तात किंवा फुकट देऊन, त्या बदल्यात त्यानं काही मुलींच्या सायकलींची ओव्हरहॉलिंग करावी, असा सौदा जास्त कामाचा ठरेल. याला विरोध करणारे म्हणतात की मिस्त्री भाग घेईल आणि ओव्हरहॉलिंग विसरेल. शक्य आहे. पण तो भाग निदान कुठल्या तरी सायकलीवर फिरेल.

आता घेतल्या जाणाऱ्या सायकलींचं पुढे काय

एक प्रश्न चर्चेत क्वचितच येतो. आज अहेरीत जो नवी २९ इंची घेतो त्याची सायकल पाच-सात वर्षांनी जुनी होईल तेव्हा तिचे भाग कुठे बसतील? याचं उत्तर ती किती महाग आहे यावर आहे, आणि तेही उलट्या बाजूनं. स्वस्त २९ इंचीमध्ये चाक मोठं असलं तरी आतला बराच माल तोच जुना असतो. आट्यांचं फ्रीव्हील, सात किंवा आठ स्पीड, चौकोनी एक्सल, १३५ मिलिमीटरचा हब, पुष्कळ वेळा सरळ मान. स्वस्त टोकाला मापं तीस वर्षांत फारशी हललीच नाहीत. तिचा क्रँक, फ्रीव्हील, शिफ्टर, आरडी आणि हबसुद्धा इथल्या २६ इंचीच्या दुरुस्तीला लागतील, फक्त रिम, टायर आणि शॉकअप लागणार नाहीत. महागड्या सायकलीचं गणित वेगळं. हँगरशिवायचा, बॅटरीवर चालणारा गिअर त्याच जातीच्या फ्रेमलाच बसतो, आणि सात वर्षांनी त्याची बॅटरी मिळेल का, यावर विकणारे दुकानदारसुद्धा ठाम बोलत नाहीत. २९ इंची टायर-ट्यूब तालुक्याच्या दुकानांत नेमानं येऊ लागले तर स्वस्त २९ इंचीलाही २६ इंचीसारखं दुसरं आयुष्य मिळेल. दुकानदार ते ठेवतील की नाही, हे पुढच्या काही वर्षांत शाळेत जाणारी मुलं कुठली सायकल मागतात त्यावर ठरायचं आहे.